हरलेल्याचा पहिला नंबर

जो संघ गेल्या हंगामात सर्वांत जास्त सामने हरला, त्यालाच यंदा नव्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करायला मिळते. भाच्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, परत सांग. त्याने परत सांगितलं. अर्थ तोच निघाला.

भाचा डेट्रॉइटजवळ राहतो, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी सुरतेजवळच्या सचिन गावी, जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब बघतो. मूळ आमचं नंदुरबारकडचं. ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरून सुरतेत पोटापाण्याला लागलेली जी असंख्य खानदेशी घरं आहेत, त्यांतलं आमचं एक. खेळ म्हणजे आमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉल पायाने खेळतात एवढं माहीत होतं. भाच्याचा फुटबॉल लांबुळका, हातात धरून पळायचा, आणि खेळणारे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याच्या शहरात एनएफएलचा, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या लीगचा, ‘ड्राफ्ट’ होता आणि तो रजा टाकून बघायला जाणार होता. मी विचारलं, सामना कोणाशी आहे? तो म्हणाला, “मामा, सामना नाही. फक्त नावं पुकारणार.”

ती नावं ऐकायला तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या वर माणसं आली. शुक्रवारी पहाटे साडेपाचला, मिलची पाळी बदलायच्या आत, मी फोनवर ते बघायला बसलो. सूट घातलेली विशी-बाविशीतली मुलं, शेजारी त्यांच्या आया, कुणाची आजी. नाव पुकारलं की मुलगा उठतो, आईला मिठी मारतो, स्टेजवर जातो आणि ज्या शहराची टोपी हातात पडेल त्या शहराचा होतो. मुलाची पसंती कुणी विचारत नाही.

आयपीएलचा लिलाव मला समजतो. प्रत्येक संघाला सारखी पर्स, हातोडा पडेपर्यंत बोली वाढवा, पैसे संपले की गप्प बसा. तिथे शेवटचा आलेला संघ आणि जिंकलेला संघ एकाच टेबलावर सारखेच बसतात. इथे बोलीच नाही. 32 संघ, सात फेऱ्या, त्या वर्षी एकूण 257 निवडी. आणि प्रत्येक फेरीचा क्रम गेल्या वर्षीच्या हारजितीवर उलटा लावलेला. तळाचा संघ पहिला, विजेता शेवटी.

ही रीत कुणी घातली ते भाच्याने सांगितलं आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. बर्ट बेल हा फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक. 1935 साली चांगला खेळाडू पैसेवाल्या संघाकडे जायचा, त्यामुळे पैसेवाला जिंकायचा, जिंकणाऱ्याचे सामने बघायला गर्दी व्हायची आणि पैसा पुन्हा त्याच्याकडेच यायचा. बेलने बाकीच्या मालकांना पटवलं की असंच चाललं तर काही वर्षांत आपल्याशी खेळायला कुणी उरणारच नाही. 1936 च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला. तळाला बेलचाच संघ होता, म्हणून पहिली निवड त्याची. त्याने जे बर्वांगर नावाचा नावाजलेला खेळाडू निवडला. बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही, दुसऱ्या व्यवसायात गेला. म्हणजे या रीतीची अगदी पहिली निवडच फुकट गेली, तरी रीत टिकली. त्यात काहीतरी सत्त्व असणार, असं मला तेव्हाच वाटलं.

पण त्या पहाटे पहिलं नाव पुकारलं आणि माझं गणित चुकलं. पहिली निवड शिकागोची. क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून संघाची प्रत्येक चाल सुरू होते तो. आदल्या हंगामात शिकागो 17 पैकी सात सामने जिंकला होता. तळाला होता कॅरोलायना, दोन जिंकून पंधरा हरलेला. मग तळाच्या संघाचा मान शिकागोला कसा?

“विकत घेतला,” भाचा म्हणाला. 2023 साली पहिला नंबर शिकागोचाच होता. कॅरोलायनाला तेव्हा ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक हवाच होता. त्या एका नंबरासाठी त्यांनी शिकागोला त्या वर्षीचा नववा आणि 61 वा नंबर दिला, 2025 चा दुसऱ्या फेरीतला दिला, डीजे मूर हा जमलेला खेळाडू दिला, आणि 2024 ची आपली पहिल्या फेरीतली निवड दिली. ती निवड कितव्या नंबरावर पडणार हे देताना कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅरोलायना इतका हरला की ती निवड थेट पहिलीच पडली. त्यांची सगळी हार शिकागोच्या खात्यावर जमा झाली.

हे ऐकल्यावर माझी झोप उडाली. अजून न झालेल्या हंगामातल्या, अजून कुणाचंही नाव न पडलेल्या निवडीचा व्यवहार होतो, आणि तोही आजच्या रोख मालाच्या बदल्यात. मिलमध्ये आम्ही उधारीवर चालतो, पण उधारीचा आकडा तरी ठरलेला असतो.

मी विचारलं, भाव कसा ठरवतात? भाच्याने एक तक्ता पाठवला. 1990 च्या सुमारास डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासाठी तयार झालेला. पहिल्या नंबराचे 3000 गुण, दुसऱ्याचे 2600, सहाव्याचे 1600, बाराव्याचे 1200, आणि पहिली फेरी संपते तिथे, 32 व्याचे 590. उतार बघा किती तीव्र आहे. डॅलसने हा तक्ता हौसेखातर केला नव्हता. 1989 मध्ये ते 16 पैकी एक सामना जिंकले होते, आणि त्याच हंगामात त्यांनी आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला देऊन टाकून निवडींची रास घेतली होती. लोक खवळले. पुढे 1992, 1993 आणि 1995 या हंगामांची सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, डॅलसने जिंकली.

तक्ता हातात आल्यावर मला माझी जमीन सापडली. जमा आणि नावे, एवढंच तर आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भाच्याच्या लाडक्या संघाचा, डेट्रॉइट लायन्सचा, हिशेब मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण उंच नंबराची किंमत मला खरी कळली ती या एका खात्यावरून.

2008 साली लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. सोळा सामन्यांचा असा हंगाम त्याआधी कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. बक्षीस म्हणून 2009 चा पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. स्टॅफर्ड खरोखर चांगला निघाला. बारा हंगाम तो तिथे खेळला, आणि त्या बारा हंगामांत लायन्सने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. माझ्यासारख्या नवख्याला पहिला धडा इथे मिळाला: पहिला नंबर मिळाला, माणूसही अचूक निवडला, तरी संघ उभा राहिला नाही, कारण त्याच्याभोवती बाकीचे नव्हते.

2021 च्या सुरुवातीला त्यांनी स्टॅफर्डला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाकडे सोडलं. बदल्यात आला जॅरेड गॉफ, तोही 2016 चा पहिला नंबर, पण रॅम्सला नकोसा झालेला. शिवाय तिसऱ्या फेरीतली एक निवड आणि 2022 व 2023 च्या पहिल्या फेरीतल्या दोन. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल जिंकून दिली. भाच्याला त्याचं भलं झाल्याचा आनंद आणि स्वतःचं नुकसान झाल्याचं दुःख दोन्ही एकदम झालं, कारण रॅम्स विजेते झाले म्हणून लायन्सच्या हाती आलेली निवड घसरून 32 व्या नंबरावर गेली. पण पुढच्याच हंगामात रॅम्स कोसळले आणि दुसरी निवड सहाव्या नंबरावर आली.

सहावा नंबर म्हणजे 1600 गुण. कुणीही तो घट्ट धरून ठेवेल. लायन्सने तो विकला. सहावा आणि 81 वा ॲरिझोनाला दिले, आणि बारावा, 34 वा, 168 वा घेतले. मी बेरीज केली. दिले 1600 आणि 185. आले 1200 आणि 560, वर 168 व्याचे किरकोळ. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या! बाराव्या नंबरावर त्यांनी जामीर गिब्स घेतला, 34 व्यावर सॅम लापोर्टा, आणि दोघेही पहिल्याच वर्षापासून संघाचा कणा झाले. एका उंच नंबरातून दोन माणसं उभी राहिली.

आधीच्या दोन वर्षांत लायन्स हरतच होते, तेव्हा स्वतःच्या हारीच्या जोरावर त्यांनी 2021 मध्ये सातव्या नंबरावर पेनेय स्यूवेल आणि 2022 मध्ये दुसऱ्यावर एडन हचिन्सन घेतला होता. हचिन्सन तर मिशिगनचाच, घरचा मुलगा. आणि 2021 च्याच चौथ्या फेरीत, 112 व्या नंबरावर, आमन-रा सेंट ब्राउन, जो पुढे लीगमधल्या पहिल्या ओळीच्या खेळाडूंत गणला गेला. 14 जानेवारी 2024 ला लायन्सने 32 वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला. समोर रॅम्स होते आणि स्टॅफर्ड होता. 24-23. भाचा त्या रात्री रडला, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं.

आता पैशाकडे येतो, कारण खरं उत्तर तिथे आहे आणि ते मला बऱ्याच उशिरा सुचलं. लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. 2024 साली ती साडेपंचवीस कोटी डॉलरच्या आसपास होती. जमलेल्या क्वार्टरबॅकला त्यातला केवढा वाटा जातो बघा: त्या ड्राफ्टनंतर थोड्याच दिवसांत गॉफचा नवा करार झाला, चार वर्षांना 21 कोटी 20 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी पाच कोटी 30 लाख. आणि त्याच वर्षी पहिल्या नंबरावर निवडलेला केलेब विल्यम्स? चार वर्षांना चार कोटीही पूर्ण नाहीत. निवडलेल्या मुलाचा पगार 2011 पासून नंबरानुसार बांधून टाकलेला आहे, चार वर्षांसाठी, आणि पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. म्हणजे मुलगा चांगला निघाला तर संघाच्या हाती चार-पाच वर्षं वर्षाकाठी चार कोटी डॉलर मोकळे राहतात. त्या पैशात क्वार्टरबॅकपुढे भिंत उभी राहते, धावणारे येतात, अडवणारे येतात. 2011 च्या आधी असं नव्हतं. 2010 चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचा सात कोटी 80 लाखांचा करार द्यावा लागला होता. तेव्हा उंच नंबर चुकला की संघ वर्षानुवर्षं कर्जात.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, तुमच्या पहिल्या नंबराची किंमत त्या मुलाच्या मोठेपणात कमी आहे, तो मोठा होईपर्यंतच्या स्वस्ताईत जास्त आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, इथे एका नोबेलवाल्याने हेच लिहिलंय.” रिचर्ड थेलर, 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांनी आणि केड मॅसी यांनी दाखवलं की संघ सर्वांत वरच्या नंबरांसाठी अवाजवी मोल मोजतात. मोजलेला पैसा आणि मिळालेला खेळ यांचा मेळ घातला, तर पहिल्या फेरीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात अधिक फायद्याची ठरते. त्यांचा अभ्यास जुन्या पगारपद्धतीच्या काळातला आहे. पण माणूस आपल्या पारखीवर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतो, हे त्यांचं म्हणणं पगार बदलले म्हणून बदलत नाही.

पारखीचं मी रोज बघतो. मिलमध्ये ग्रे ताका येतो, न रंगवलेल्या कापडाचा. हाताला सुरेख लागतो, वजन बरोबर, विणकर नावाजलेला, आणि रंगाच्या भट्टीतून बाहेर येतो तो पट्टे पडून. दुसरा, स्वस्तातला, असा रंग घेतो की व्यापारी पुन्हा तोच माल मागतो. कॉलेजात खेळणारा एकवीस वर्षांचा मुलगा ग्रेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 49र्स संघाने 2021 साली तिसऱ्या नंबरावर ट्रे लान्स मिळवण्यासाठी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या. तो चालला नाही. पुढच्या वर्षी ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, 262 व्या नंबरावर त्यांनी ब्रॉक पर्डी घेतला. जानेवारी 2024 मध्ये लायन्स सुपर बोलपासून एक पाऊल दूर होते, मध्यंतराला 24-7 असे पुढे होते. आणि त्यांना 34-31 असं हरवणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक हा पर्डी होता. एका बाजूला 2016 चा पहिला, दुसऱ्या बाजूला 2022 चा शेवटचा.

मग मला वाटलं, हे आपल्याकडे कुणी करून पाहिलं का? मिलमधल्या सहकाऱ्याचा मुलगा पुण्यात शिकत असताना बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघायला जायचा. त्याने सांगितलं, केलंय ना काका, आपल्या फुटबॉलमध्ये, पायाच्या. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट व्हायचा.

मी शोधून वाचलं आणि जुलै 2017 च्या मुंबईतल्या ड्राफ्टपाशी थांबलो. पहिली निवड नव्या जमशेदपूर संघाची: बचावपटू अनस एडथोडिका, मुंबई एफसी आणि पुणे एफसीकडून खेळून तयार झालेला. त्याची रक्कम एक कोटी दहा लाख. तेवढीच रक्कम युजिनसन लिंगडोहची, जो कोलकात्याच्या एटीकेकडे गेला; 2015 च्या लिलावात पुणे सिटीने त्याच्यासाठी एक कोटी पाच लाख मोजले होते. हंगाम संपला तेव्हा जमशेदपूर पाचवं, म्हणजे बाद फेरीच्या बाहेर, आणि दहा संघांत एटीके नववं.

यात खेळाडूंचा दोष मला दिसत नाही. दोघेही देशाकडून खेळलेले, गुणी. पण दोघांचं वय तेव्हा तीस होतं. रक्कम आधीच ठरलेली आणि यादीतली सर्वांत मोठी, म्हणजे सर्वांत आधी निवडलेला माणूस सर्वांत महाग. पुढच्या मोसमात अनस केरला ब्लास्टर्सकडे गेला. अमेरिकेत उंच नंबराला ज्या गोष्टींनी मोल येतं, कोवळं वय, बांधलेला पगार, हातात राहणारी वर्षं, त्यांतली एकही इथे नव्हती. आणि सर्वांत मोठी उणीव मागची. तिथे दर एप्रिलला विद्यापीठांतून नव्या मुलांची अख्खी फळी येते. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला ड्राफ्टमध्ये घेतच नाहीत, तोवर कॉलेज त्याला घडवतं. आपल्या ड्राफ्टमध्ये नवं कुणी फारसं नव्हतंच. आधीच खेळत असलेली तीच माणसं या शहरातून त्या शहरात जायची. झरा नसताना पाणी वाटायचा क्रम कितीही न्यायाने लावला तरी उपयोग काय? 2017 नंतर तो ड्राफ्ट बंद झाला आणि संघ थेट करार करू लागले.

2017 च्या त्या ड्राफ्टनंतरच्याच हंगामात पुणे सिटी चौथं येऊन पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचलं, आणि त्या संघात पुणे एफसीच्या अकादमीत वाढलेला आशिक कुरुनियन होता. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण झरा अकादमीतही असू शकतो. दुर्दैवाने 2019 मध्ये तो संघच राहिला नाही, त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबई सिटी 2020-21 मध्ये विजेती झाली ती सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा आल्यावर, आणि एफसी गोवाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा व त्यांचे मोहरे, मंदार राव देसाईंसह, मुंबईला आल्यावर. म्हणजे 1935 साली बर्ट बेलला जे थांबवायचं होतं, तेच. मुंबई जिंकली याचा मला आनंद आहे. पण तळाच्या संघाच्या गावातल्या पोराने पुढच्या वर्षाची आशा कशावर धरायची, हा प्रश्न आपल्या लीगने अजून मनावर घेतलेला नाही, आणि तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

डेट्रॉइटच्या त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरावर वॉशिंग्टनने जेडन डॅनियल्स हा क्वार्टरबॅक निवडला होता. आदल्या वर्षी चार जिंकून तेरा हरलेला संघ. डॅनियल्स आला आणि त्याच हंगामात त्यांनी बारा जिंकले. लायन्सनी तर पंधरा जिंकले आणि फक्त दोन हरले, हचिन्सनचा पाय ऑक्टोबरात मोडूनही. जानेवारी 2025 मध्ये दोघे बाद फेरीत डेट्रॉइटलाच समोरासमोर आले. रविवारची सकाळ होती, मिल बंद होती, मी पूर्ण सामना पाहिला. ज्या शहरात त्याचं नाव पुकारलं गेलं होतं, तिथेच येऊन डॅनियल्सने लायन्सना 45-31 असं बाहेर काढलं.

भाच्याला मी लगेच फोन केला नाही. दुपारी त्याचाच आला. नव्या ड्राफ्टमध्ये लायन्स 28 वे, म्हणाला. वॉशिंग्टन पुढच्या आठवड्यात हरलं तर 29 वे. मी तक्ता काढून ठेवलाच होता: 660 आणि 640. सहावा विकून दोन माणसं उभी केली होती, आता 660 मध्ये काय येतं, यावर आम्ही बोलत राहिलो.